हयातीचा दाखला

एखादा आपल्याशी बोलायचा थांबला, तर तो मेला असं किती वेळाने समजायचं?

प्रश्न विचित्र वाटेल, पण गेले चार महिने माझा पगार याच प्रश्नावर चालला आहे. मी अंधेरी पूर्वेला एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांवर चालतं. ते एकसंध नाही, सत्तरेक छोट्या छोट्या सर्व्हिसेसमध्ये वाटलेलं आहे. एक सर्व्हिस लॉगिन बघते, एक पावती बनवते, एक एसएमएस पाठवते. यांनाच मायक्रोसर्व्हिस म्हणतात. यातली कुठली चालू आहे, कुठली बंद पडली, कुणाची नवी प्रत उभी करायची आणि कुणाला काढून टाकायचं, हे सगळं माणसाने बसून बघणं शक्य नाही. म्हणून या सर्व्हिसेसवर देखरेख करणारी आणखी एक व्यवस्था लागते, आणि तीसुद्धा छोट्या सर्व्हिसेसचीच बनवतात. तिचं डिझाइन सध्या माझ्याकडे आहे.

फळ्यावर काढलं तर चार चौकोन होतात. पहिला नोंदवहीचा : कोण कुठे चालू आहे याची यादी. दुसरा नाडी बघणारा. तिसरा निवाडा करणारा : अमुक सर्व्हिस जिवंत धरायची की मेलेली. चौथा अंमल करणारा : मेलेली ठरली की तिला बंद करून नवी उभी करायची. प्रत्येक सर्व्हिस दर दहा सेकंदांनी ‘मी आहे’ एवढाच निरोप पाठवते. त्याला हार्टबीट म्हणतात. निरोप यायचा थांबला की एक घड्याळ सुरू होतं. ते संपलं की तिसरा चौकोन निकाल देतो आणि चौथा तो अमलात आणतो.

ते घड्याळ किती सेकंदांचं असावं, हा आकडा मला एका फाइलमध्ये लिहायचा आहे. एका ओळीचं काम. ते करताना माझ्या लक्षात आलं, की हा आकडा तंत्रज्ञानाच्या पुस्तकातून निघत नाही. तो ठरवताना आपण कुणावर किती विश्वास ठेवतो आणि चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर टाकतो, हे ठरवावं लागतं.

*

हार्टबीटला मराठीत आधीपासून एक शब्द आहे : हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरमध्ये मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाजवळच्या बँकेत गेलात तर म्हातारी माणसं हा दाखला द्यायला रांगेत बसलेली दिसतील. आपण अजून जिवंत आहोत हे त्यांना वर्षातून एकदा सरकारला कळवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ आणलं. त्यात आधार आणि बोटांचे ठसे वापरून हा दाखला डिजिटल झाला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये चेहरा ओळखून दाखला द्यायची सोयही आली.

रचना माझ्या फळ्यावरचीच आहे. पेन्शनर ही सर्व्हिस, दाखला हा हार्टबीट, महिनाअखेर हा टाइमआउट आणि पेन्शन थांबणं हा अंमल. फरक एवढाच, की माझी सर्व्हिस दहा सेकंदांनी निरोप देते आणि आमच्या इमारतीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक काकू वर्षाने.

काकूंच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. वयाने आणि भांडी घासून कातडी गुळगुळीत झाली आहे. एका वर्षी त्या तीन वेळा जाऊन आल्या आणि तरी दोन महिने पेन्शन आली नाही. काउंटरवरच्या बाईंना त्या समोर दिसत होत्या, पण त्या बाईंच्या हातात ‘या जिवंत आहेत’ असं म्हणायचं बटण नव्हतं. बटण मशीनकडे होतं.

इथे लगेच व्यवस्थेला शिव्या घालायचा मोह होतो. पण जरा उलट बाजूने बघू. दाखला मागितलाच नाही, तर मेलेल्या माणसाच्या खात्यात पैसे जात राहतील आणि कुणीतरी ते काढत राहील. तो पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. माझ्या कामातही तसंच. बंद पडलेल्या सर्व्हिसला जिवंत धरून बसलो, तर तिच्याकडे जाणारी प्रत्येक विनंती वाया जाते. कुणीतरी मोबाइलवर गोल फिरणारं चक्र बघत बसतं. म्हणजे ‘कुणालाच मेलेलं ठरवू नका’ हे उत्तर होऊ शकत नाही. निवाडा करावाच लागतो.

मग निदान तो अचूक करता येईल का?

*

येत नाही. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तिघांनी १९८५ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आमच्या क्षेत्रात तो त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांनी, एफएलपी म्हणून ओळखला जातो. निरोप पोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एक जरी यंत्र मधेच बंद पडू शकत असेल, तर सगळ्या यंत्रांचं एकमत नक्की होईलच अशी हमी देणारी कुठलीही ठरावीक पद्धत असू शकत नाही, असं त्यांनी सिद्ध केलं. त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे. लांबून बघणाऱ्याला मेलेला आणि मंदावलेला यातला फरक कळत नाही. दोघंही सारखेच गप्प असतात.

ही गोष्ट मुंबईत कुठल्याही आईला ठाऊक आहे. ‘पोचलास की कळव’ म्हणून ती निरोप देते, आणि मेसेज आला नाही की तिचंही घड्याळ सुरू होतं. बॅटरी संपली असेल, गाडीत गर्दी असेल, विसरला असेल किंवा काहीतरी झालं असेल. गप्प फोनवरून यातलं काय खरं ते कळत नाही.

याहून वाईट म्हणजे जो मंदावलेला असतो, तो बऱ्याचदा सगळ्यात जास्त काम करत असतो. घाटकोपर स्टेशनवर तिकिटाच्या चार खिडक्या आहेत असं समजा. एका खिडकीवर गर्दी फार म्हणून ती हळू चालते. वरच्या साहेबाने ‘ही काम करत नाही’ म्हणून ती बंद केली. तिची रांग उरलेल्या तिघींवर गेली. त्याही हळू झाल्या. साहेबाने त्याही बंद केल्या. शेवटी चारही खिडक्या बंद, आणि प्रत्येक वेळी साहेब नियमानेच वागला. सर्व्हरांच्या जगात हे नेहमी घडतं. ओझ्याने दमलेल्याला मेलेला ठरवून काढला, की त्याचं ओझं शेजाऱ्यावर पडतं आणि मग शेजाऱ्याची पाळी येते.

आमच्याकडे आणखी एक प्रकार आहे. त्याचं नावच ऐकण्यासारखं आहे : स्टोनिथ. ‘समोरच्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं आहेत. डेटाबेसची मुख्य प्रत गप्प झाली आणि तिच्या जागी आपण दुसरी उभी केली, पण पहिली खरं तर जिवंतच असली, तर दोघीही लिहायला लागतात आणि हिशेबाचा विचका होतो. म्हणून नवी उभी करण्याआधी जुनीची वीज तोडायची. ती मेली आहे का हे कळत नाही, म्हणून ती मेलेलीच असेल अशी व्यवस्था करायची. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, मीही ते वापरतो. पण यात काय चाललं आहे ते बघा. खात्री नसण्याचा प्रश्न आपण ज्ञानाने सोडवत नाही, ताकदीने सोडवतो. आपलं म्हणणं खरं नसेल तर ते खरं करून टाकतो.

माणसांच्या बाबतीत हे कागदावर होतं. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी १९७० च्या दशकात महसुली दप्तरात मृत म्हणून नोंदले गेले आणि त्यांची जमीन नातेवाइकांच्या नावावर गेली. आपण जिवंत आहोत हे दप्तरात लिहून घ्यायला त्यांना १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं आणि आपल्यासारख्यांचा संघही काढला. ‘कागज’ हा चित्रपट त्यांच्यावरूनच आला.

*

अचूक निवाडा शक्य नाही, आणि निवाडा टाळणंही शक्य नाही. मग तो न्याय्य कसा करायचा? मला याचं सगळ्यात शहाणं उत्तर कायद्यात सापडलं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात याबद्दल दोन कलमं होती, १०७ आणि १०८. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तिथे ती ११० आणि १११ झाली, आशय तोच राहिला. पहिलं कलम म्हणतं : माणूस गेल्या तीस वर्षांत कधी हयात होता असं दिसलं, तर तो मेला हे सिद्ध करायची जबाबदारी ‘मेला’ म्हणणाऱ्याची. दुसरं म्हणतं : सात वर्षं त्याची काहीच खबर नसेल, तर ओझं उलटतं आणि तो जिवंत आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं.

सात वर्षं हा कायद्याचा टाइमआउट झाला. पण माझं लक्ष त्यातल्या एका अटीने वेधलं. खबर कुणाला नसायला हवी? कुणालाही नव्हे. तो जिवंत असता तर ज्यांना स्वाभाविकपणे त्याची खबर लागली असती, अशांना. म्हणजे कायदा गप्प माणसाची चौकशी करायच्या आधी ऐकणाऱ्याची चौकशी करतो. तुला ऐकू आलं नाही, ठीक. पण तुला ऐकू येईल अशा जागी तू होतास का?

मुंबईच्या उपनगरांना हा प्रश्न एकदा फार महागात समजला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला नोंद झाली साधारण ७३ मिलिमीटरची. फक्त कुलाब्याच्या खिडकीतून शहराची तब्येत बघणाऱ्याला तो पावसाळ्यातला साधा दिवस वाटला असता. मी तेव्हा लहान होतो. पण त्या रात्रीच्या गोष्टी आमच्या पिढीने घरोघरी ऐकल्या आहेत. गाड्या बंद, फोन लागत नाहीत, माणसं ऑफिसात, शाळांत, बसच्या टपावर अडकलेली. त्या रात्री हजारो घरांत कुणाचीच खबर नव्हती. एरवी एक जण गप्प झाला तर घाबरणारी आई त्या रात्री वेगळा विचार करू शकली, कारण शेजारच्या घरातलाही कुणी पोचला नव्हता. सगळेच गप्प असतील, तर बिघाड बहुधा मधल्या वाटेत आहे.

गंमत म्हणजे चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हा शहाणपणा चक्क लिहून ठेवलेला असतो. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये युरेका नावाची आपली नोंदवही सर्वांसाठी खुली केली. तिच्यात नियम आहे : अपेक्षित हार्टबीट ८५ टक्क्यांच्या खाली आले, तर नोंदवही कुणालाच यादीतून काढत नाही. एवढे सगळे एकदम मरणार नाहीत, माझंच नेटवर्क गेलं असेल, असं ती धरते. गूगलने २०१४ मध्ये आणलेलं आणि आज सगळीकडे वापरात असलेलं कुबरनेटीसही असंच वागतं. एखाद्या नोडचा निरोप थांबला तर ते त्याला ‘मृत’ म्हणत नाही. त्याच्याकडे ‘तयार’ आणि ‘तयार नाही’ यांच्या जोडीला तिसरा शब्द आहे, ‘अज्ञात’. आणि सगळ्याच विभागांतले सगळेच नोड बिघडलेले दिसले, तर दोष आपल्याच जोडणीत असेल असं समजून ते कुणालाही हलवत नाही.

ही काळजी तुटली की काय होतं, ते २० ऑक्टोबर २०२५ ला जगाने पाहिलं. आपल्याकडे नरकचतुर्दशी होती. दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउडमध्ये बिघाड सुरू झाला. स्नॅपचॅट, सिग्नल, ड्युओलिंगो अशी कितीतरी ॲप अडखळली. कारण होतं नेमकं माझ्या फळ्यावरच्या चौकोनांसारखं. डेटाबेसच्या पत्त्यांची यादी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत एक भाग योजना बनवायचा आणि तीन स्वतंत्र भाग ती अमलात आणायचे. त्यातला एक फार मंदावला. आपली योजना नवी आहे ना, हे त्याने सुरुवातीला तपासलं होतं, पण प्रत्यक्ष काम होईपर्यंत ती शिळी झाली होती. त्याने ती शिळी योजना नव्या योजनेवर लिहिली. त्याच वेळी दुसरा भाग जुन्या योजना साफ करत होता. त्याने ती जुनी म्हणून पुसली. पत्त्यांची यादी रिकामी झाली. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं.

पत्ते तीनेक तासांत परत आले, पण गोंधळ पुढे पहाटेपर्यंत चालला. त्यातला एक तुकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नव्याने उभ्या राहणाऱ्या सर्व्हरांची नेटवर्कची जोडणी वेळेत पोचत नव्हती, म्हणून तब्येत तपासणारी यंत्रणा ठणठणीत सर्व्हरांनाही आजारी ठरवून कामावरून काढत होती, मग परत घेत होती, परत काढत होती. शेवटी आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले तेव्हा इंजिनियरांनी त्या यंत्रणेचा आपोआप काढून टाकायचा अधिकारच बंद केला. त्याबरोबर ठणठणीत सर्व्हर पुन्हा कामावर आले. त्या दिवशीच्या उपचारांपैकी एक असा होता : निवाडा करणाऱ्याला थोडा वेळ निवाडा करू न देणं.

*

मीटिंगमध्ये मी हे मांडलं तेव्हा एक सहकारी म्हणाला, सर्व्हर आहेत रे, त्यांना कुठे दुखतं? बरोबर आहे, सर्व्हरला दुखत नाही. पण आमच्या हातातून जी रचना जाते ती सर्व्हरवर थांबत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेत ई-केवायसी सक्तीचं झालं. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, मग ३१ डिसेंबर झाली. त्या प्रक्रियेत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी लागत होता. ज्या बायकांचे नवरा आणि वडील दोघंही हयात नाहीत, त्यांनी काय करायचं हे नंतर ठरवावं लागलं. अशा बाईकडून उत्तर आलं नाही याचा अर्थ ती अपात्र आहे असा होत नाही. प्रश्न तिच्यापर्यंत पोचेल अशा रीतीने विचारलेला नव्हता, एवढाच होतो. पण यंत्राच्या पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात : निरोप आला नाही.

सगळी घाई क्रूर असते असंही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. तिथे जगल्या-वाचलेल्यांना ‘सात वर्षं थांबा’ म्हणणं हा कायद्याचा आदर झाला नसता, छळ झाला असता. तिथे लवकर निकाल देणं ही दया असते. म्हणून आकडा एक असू शकत नाही. थांबल्याने कुणाचं नुकसान होतं आणि घाई केल्याने कुणाचं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं मोजावं लागतं. आणि माझ्या मते शंकेचा फायदा त्याला द्यायला हवा, ज्याला चूक दुरुस्त करून घेणं जास्त कठीण आहे. सरकारला दोन महिन्यांची जास्त गेलेली पेन्शन नंतर वसूल करता येते. काकूंना त्या दोन महिन्यांची औषधं नंतर घेता येत नाहीत.

त्यामुळे माझ्या डिझाइनमध्ये सध्या पाच गोष्टी आहेत. एक, तिसऱ्या चौकोनाकडे ‘अज्ञात’ हा निकाल असेल आणि बराच वेळ तोच राहू शकेल. दोन, अज्ञात सर्व्हिसला नवं काम द्यायचं थांबवायचं, पण तिला मारायचं नाही, कारण थांबवलेलं परत सुरू करता येतं. तीन, कायमचं बंद करण्याआधी दुसऱ्या ठिकाणाहून, वेगळ्या वाटेने एकदा विचारून बघायचं. कुलाब्याने नाही म्हटलं तर सांताक्रूझलाही विचारायचं. चार, पाच मिनिटांत दहातल्या एकाहून जास्त सर्व्हिसेस मेलेल्या ठरत असतील, तर यंत्राने हात आखडते घ्यायचे आणि माणसाला उठवायचं. पाच, काउंटरवरच्या माणसाकडे ‘ही जिवंत आहे, मी बघतो आहे’ असं म्हणायचं बटण असेल, आणि ते कुणी दाबलं याची नोंदही असेल.

हे फुकट होत नाही. दुसऱ्यांदा विचारायला वेळ लागतो. त्या वेळात काही विनंत्या मेलेल्या सर्व्हिसवर आपटून वाया जातील, काही लोक वैतागून ॲप बंद करतील. आमच्या टीमला वीस सेकंदांत निकाल हवा आहे आणि माझी व्यवस्था पैशांच्या सर्व्हिसेससाठी नव्वद मागते आहे. एसएमएससाठी वीस मी कधीच मान्य केले आहेत. तिथे एक निरोप दोनदा गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. पैसे दोनदा कापले गेले तर बिघडतं.

वाद अजून मिटलेला नाही, पुढच्या आठवड्यात परत मीटिंग आहे. तोपर्यंत फाइलमधल्या प्रत्येक आकड्याशेजारी दोन ओळींची टीप लिहायची असं टीमने मान्य केलं आहे. हा आकडा फार लहान ठरला तर कुणाचं नुकसान होईल, आणि फार मोठा ठरला तर कुणाचं. टीपेखाली आकडा ठरवणाऱ्याचं नाव. नव्वदच्या खाली माझं आहे.